युरिक अ‍ॅसिड वाढलं म्हणून आमटी सोडू नका

सोलापुरात सध्या एक मेसेज फिरतोय: "युरिक अ‍ॅसिड ७ च्या वर गेलं की पांढऱ्या पेशी सांध्यांवर तुटून पडतात, हे लॅबमध्ये सिद्ध झालंय. सीबीसीत पेशी वाढल्या की गाऊट पक्का. तूरडाळ आजच बंद करा." (गाऊट म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या स्फटिकांमुळे सांधा सुजून दुखणं, सीबीसी म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी.) मी इथल्याच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. परवा यंत्रमागावरचे एक काका ७.४ चा रिपोर्ट घेऊन आले. एकही सांधा दुखत नव्हता, पण पंधरा दिवस आमटी सोडून कडक भाकरी नुसत्या शेंगाचटणीशी खात होते.

लॅबमध्ये काय सिद्ध झालं ते आधी बघू. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या युर्ग चोप यांच्या गटाने दाखवलं की युरेटचे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या क्षाराचे, स्फटिक पेशीतली एनएलआरपी३ ही यंत्रणा जागी करतात आणि आयएल-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन बाहेर पडतं. हे काम स्फटिकांचं. पुढे नेदरलँड्समध्ये माणसाच्या रक्तातल्या पेशी वेगळ्या काढून त्यांवर नुसते शुद्ध स्फटिक टाकले, तर त्या जवळपास गप्पच राहिल्या. जोडीला स्निग्धाम्ल (फॅटी अ‍ॅसिड) दिलं तेव्हा पेटल्या. विरघळलेल्या युरिक अ‍ॅसिडमध्ये दिवसभर ठेवलेल्या पेशी नंतर डिवचल्या की जास्त चिडतात, हेही खरं. पण तिथे प्रमाण डेसिलिटरला ५० मिलिग्रॅमपर्यंत होतं. काकांचं ७.४! साधारण ६.८ च्या पुढे स्फटिक होऊ शकतात, तरी युरिक अ‍ॅसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही.

सीबीसीचं म्हणाल तर जांभळ्या टोपणाची ट्यूब मशीनला लावली की पेशी मोजून मिळतात, त्या कशामुळे वाढल्या ते मशीन सांगत नाही. दाढ सुजली तरी वाढतात. गाऊटची खात्री करायची तर सुजलेल्या सांध्यातलं पाणी काढून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली सुईसारखे स्फटिक शोधावे लागतात. ऐन दुखण्यात रक्तातलं युरिक अ‍ॅसिड नॉर्मलही येतं. आणि ताप असताना गुडघा लाल, गरम झाला तर कृपा करून मेसेज वाचत घरी बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असेल तर तो काही दिवसांत सांधा कायमचा खराब करतो.

राहिली डाळ. अमेरिकेत ४७,१५० पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये निष्कर्ष आले. मटण आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट वाढला, बिअर पिणाऱ्यांतही. डाळी, पालक अशा प्युरीनवाल्या (प्युरीन म्हणजे शरीरात ज्याचं युरिक अ‍ॅसिड बनतं तो घटक) शाकाहाराने वाढला नाही.

काकांना म्हटलं, रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. दारापर्यंत जाऊन ते परत फिरले, "मग आमटी?"

आज रात्रीच करायला सांगा, म्हटलं.