कोरी टेप म्हणे!

"टेप आल्या ना? मग आज रात्रीपासून बॅकअप त्यांच्यावरच घे." असं म्हणणाऱ्याच्या हातात एलटीओ-९ टेपचा, म्हणजे डेटा साठवायच्या चुंबकीय पट्टीच्या डब्यांचा, २० चा खोका द्यायचाय मला. घे बाबा, तूच घे आज रात्रीपासून!

कोरी म्हणजे तयार, हे कुणी सांगितलं यांना? आधी ती टेप ड्राइव्ह (टेप वाचणारं-लिहिणारं यंत्र) असलेल्या खोलीच्या हवेला दिवसभर सरावू द्यायची. मग पहिल्यांदा ड्राइव्हमध्ये गेली की ड्राइव्ह तिची मापं काढत बसतो. सरासरी ४० मिनिटं, फारच रेंगाळला तर २ तास. हे एका टेपचं. एकच ड्राइव्ह असेल तर करा गुणाकार. सगळं सुरळीत झालं तरी १३ तास गेले, आणि तुमच्या डेटाचा एक बाइटही लिहिलेला नाही.

हे का लागतं तेही कळतं मला. किलोमीटरभराहून लांब, पाचेक मायक्रॉन जाडीची पट्टी, आणि तिच्या अर्ध्या इंचाच्या रुंदीत ८,९६० ट्रॅक, म्हणजे डेटाच्या समांतर रेघा. दमट हवेनं, उष्णतेनं ती पट्टी किंचित रुंदावते, आकसते. म्हणून आधी मोजणी. मोजू दे की! माझं भांडण आहे ते बॅकअप सॉफ्टवेअरशी. टेप माउंट होण्याची, म्हणजे वापरायला तयार होण्याची, वाट बघतं, बघतं आणि टाइमआउट होऊन मोकळं. सकाळी येऊन बघावं तर जॉब लाल, वर लॉगमध्ये ठणकावून 'मीडिया एरर'. अरे, टेप ठणठणीत आहे, तिची मापं चालली होती! आणि ती लाल ओळ बघून घाबरलेलं कुणीतरी तोवर लायब्ररी (रोबोच्या हातानं टेप घालणारं-काढणारं कपाट) रीबूट करून बसलेलं असतं. झालं, त्या टेपचं पुन्हा पहिल्यापासून.

बारकोडचं स्टिकर हा आणखी एक छळ. सहा अक्षरं, पुढे 'एल९', आणि ते खाचेत नेमकं बसलं पाहिजे. तिरकं लागलं तर स्कॅनर वाचत नाही, कोपरा सुटला तर रोबोच्या हाताशी गाठ. त्याआधी प्रत्येक डबीवरचं ते प्लॅस्टिक नखांनी सोलायचं, ते वेगळंच.

आणि मीटिंगमध्ये एक शहाणा असतोच. "नव्या कशाला? जुन्या डिगॉस करून, चुंबकानं पुसून, वापरू." कर ना! ड्राइव्हला ट्रॅक दाखवणाऱ्या, कारखान्यात लिहिलेल्या सर्व्हो खुणाच पुसल्या जातील, आणि त्या परत लिहिणं कुठल्याच ड्राइव्हच्या हातात नाही. मग त्या टेप दाराला अडसर म्हणून लाव.

माझी मागणी एवढीच होती, की खरेदीच्या फॉर्मवर 'माल मिळाल्याची तारीख' असते तिच्या शेजारी 'वापरात येण्याची तारीख' असा एक रकाना टाका. उत्तर आलं, "टेप घालायला कसला आलाय वेळ?"