घुमट कापू नका

वाडा फोटोत मावला नाही, याला मी काय करू? तो मी बांधलेला नाही. बडोद्याचा लक्ष्मीविलास पॅलेस 1878 साली बांधायला घेतला आणि 1890 साली पुरा झाला. एवढ्या काळात कुणाच्याही मनात आलं नाही, की पुढे कधीतरी मालेगावकडची नऊ माणसं इथे ओळीने उभी राहणार आहेत, तेव्हा इमारत जरा आटोपशीर ठेवू.

आतला वाडा बघून झाला होता. दरबार हॉलची व्हेनिशियन मोझेकची जमीन, रंगीत काचांच्या खिडक्या, सगळं डोळे भरून पाहिलं. आत फोटो काढायला बंदी. ही बंदीच माझ्या मुळावर आली. आत खिशात दाबून ठेवलेले मोबाइल बाहेर बागेत आल्याबरोबर सुटतात, आणि त्या वेळी जो माणूस एकटा, मोकळ्या हातांनी, जरा बरे कपडे घालून उभा असतो, तो मेलाच.

"भाऊ, एक फोटो घ्या ना."

साठीचे गृहस्थ. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं. मी हो म्हणायच्या आत मोबाइल माझ्या हातात. त्याच्या पारदर्शक कव्हरात मागच्या बाजूने गजानन महाराजांचा फोटो आणि घडी घातलेली दहाची नोट, आणि पुढच्या काचेला डाव्या कोपऱ्यातून निघून थेट मधोमध आलेला तडा. वाड्याचा घुमट बरोब्बर त्या तड्यावर यायचा.

"आम्ही कवळाण्याशेजारचे," ते म्हणाले आणि थांबले. मी काहीतरी म्हणावं अशी अपेक्षा होती. कवळाणं म्हणजे हा वाडा बांधून घेणाऱ्या महाराज सयाजीराव गायकवाडांचं गाव. तिथला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा, म्हणजे पुढचे सयाजीराव, 1875 साली दत्तक निवडीसाठी बडोद्याला आणला, आणि कशाला आलास म्हणून विचारल्यावर "राज्य करायला" म्हणाला, अशी गोष्ट सांगतात. मी "अरे वा" म्हणालो.

"म्हणजे एका अर्थी घरचंच आहे हे," त्यांनी वाड्याकडे हात केला. "यायचं राहून जात होतं."

मग घरच्या माणसाने पाव्हण्याला सूचना द्याव्यात तशा सूचना सुरू झाल्या.

"वाडा पूर्ण आला पाहिजे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. घुमट कापू नका."

"आणि पिंकीच्या कानातलं दिसलं पाहिजे," वहिनी म्हणाल्या. "नवीन आहे."

हा वाडा बकिंगहॅम पॅलेसच्या चौपट आहे, असं बडोद्यात रिक्षावाल्यापासून सगळे सांगतात. पिंकीच्या कानातलं हरभऱ्याएवढं. दोन्ही एकाच फोटोत आणायचं, तेही तडा गेलेल्या काचेतून, तेही दुपारच्या उन्हात, जेव्हा पडद्यावर आपल्याच नाकाशिवाय काही दिसत नाही!

"मागे जा भाऊ. अजून. अजून जा." मी गेलो. "आता आम्ही फार बारीक दिसत असू. या पुढे." मी आलो. "आता वाडा?" वाडा गेला होता, मागे नुसत्या चार कमानी उरल्या होत्या, त्या कुठल्याही मंगल कार्यालयाच्या असू शकतात. "मग जा की मागे." मी इतका मागे गेलो की फुलांच्या ताटव्यात एक पाय पडला आणि कुठून तरी शिट्टी वाजली. लंडनच्या क्यू या प्रसिद्ध बागेत काम केलेल्या विल्यम गोल्डरिंगने ही बाग आखली. त्याला काय कल्पना, की मावशी उजवीकडे सरकेनात म्हणून एक मध्यमवर्गीय मनुष्य त्याच्या ताटव्यात शिरेल. शिट्टी वाजल्यावर नऊच्या नऊ जण माझ्याकडे असे बघू लागले, जणू मला ओळखतच नाहीत.

तरी मावशींचं प्रकरण अजून व्हायचं होतं. त्यांना नव्या सुनेशेजारी उभं राहायचं नव्हतं. सुनेला नवऱ्याशेजारी उभं राहायचं होतं. नवऱ्याला कुठेच उभं राहायचं नव्हतं, तो मोबाइलवर मॅच बघत होता. हे सगळं आपसांत मिटवायचं सोडून सफारीवाले मला विचारत होते, "तुम्हाला काय वाटतं, भाऊ? मावशी मध्ये घेऊ?"

मला काय वाटतं! मला मेजर चार्ल्स मँटबद्दल वाटत होतं. या वाड्याचा मूळ आराखडा त्याचा. कोल्हापूरचा न्यू पॅलेसही त्याचाच. आपली गणितं चुकली आहेत, इमारत उभी राहणार नाही, या धास्तीने म्हणे त्याला ग्रासलं. 1881 साली तो गेला आणि पुढचं काम रॉबर्ट चिझमने पुरं केलं. वाडा आजही ठणठणीत उभा आहे. मँटचं आतापर्यंत मला नुसतं वाईट वाटायचं. ताटव्यात उभं राहून मावशींकडे बघताना मला त्याची धास्ती आतून कळली.

आणखी एक गोष्ट तिथे उभ्या-उभ्याच ध्यानात आली. 1911 च्या दिल्ली दरबारात सयाजीराव पंचम जॉर्जपुढे एकदाच मान लववून पाठ फिरवून चालते झाले. ते फिल्मवर टिपलं गेलं आणि इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं. बादशहाला पाठ! आता त्याच सयाजीरावांच्या वाड्याला रोज शेकडो माणसं पाठ करून उभी राहतात, हसतात, दोन बोटं वर करतात, आणि कुणाला काही वाटत नाही. वाड्याकडे तोंड करून उभा असलेला त्या वेळी मी एकटा होतो, आणि मीसुद्धा बघत होतो पिंकीच्या कानाकडे.

खरं सांगायचं तर इथे माझं डोकं फिरलं. ज्या राजाने 1906 मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ज्याने आंबेडकरांना परदेशी शिकायला पाठवलं, त्याच्या अंगणात येऊन त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. नुसतं घुमट, घुमट. आवारातल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं आहेत. महाराजांनी त्याच्याकडून वाड्यासाठी 14 पौराणिक चित्रं करून घेतली होती. नायिकेच्या कानातलं दिसलंच पाहिजे, असं त्याला कुणी बजावलं होतं का? (कॅलेंडरांवरून पाहिलं तर ते दिसतं, हे मान्य.) ती चित्रं मला बघायची होती. माझी ती वेळ मावशींनी खाल्ली.

शेवटी फोटो निघाले. सफारीवाल्यांनी मोबाइल घेतला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं, लहान केलं, ओठ बाहेर काढले.

"घुमट कापला."

मग माझ्यादेखत त्यांनी एका शाळकरी पोराला हाक मारली. "ए बाळा, तू ये रे. यांना जमेना." पोरगं आलं, गवतावर उकिडवं बसलं, मोबाइल उलटा धरला, खालून वर एक मारला आणि निघूनही गेलं. सगळं कुटुंब त्या मोबाइलवर तुटून पडलं. "याला म्हणतात फोटो!" वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे बघून. वाडा होता, घुमट होता, मावशीही हसत होत्या. कडेला तोंड उघडं टाकून मी उभा होतो.

"तुम्हाला काढून टाकू त्यातून, काळजी करू नका," सफारीवाल्यांनी धीर दिला, आणि माझा नंबर घेतला. मी द्यायला नको होता, पण उन्हात माणूस काहीही देतो.

तेव्हापासून सकाळी सुप्रभात, गुरुवारी महाराज, आणि मधूनच मधुमेहावर कारल्याचा रस. काल रात्री एक लांबलचक मेसेज आला. त्या पोराच्या फोटोत पिंकीचं कानातलं केसांखाली गेलंय, माझ्यातल्या एकात ते छान आलंय. "तुमचं परत बडोद्याला जाणं झालं तर नुसत्या वाड्याचा एक काढून पाठवा. माणसं आम्ही इथे जोडून घेऊ. घुमट सांभाळा."