मी नेमका काय होतो?

'आय वॉज' एवढं टाइप करून मी पाऊण तास बसून होतो. पुढचा शब्द सापडत नव्हता.

झालं होतं इतकंच, की ठाण्याला उतरायचं सोडून मी डोंबिवलीला उतरलो. महिन्यातला तिसरा लेटमार्क, म्हणजे अर्धी रजा कापली जाणार. ती वाचवायची तर कारण लेखी द्यायचं, तेही इंग्रजीत. रेल्वेवर ढकलावं, तर गाडी नेमकी वेळेवर होती आणि एचआरमधला मुलगा त्याच गाडीने येऊन वेळेत थंब देऊन बसला होता.

खरं कारण असं. दादरला गाडीत चढलो, तर समोरच्या सीटवर दोन गृहस्थ. त्यातले एक सांगत होते, "आणि कपाट उघडलं तर आत मृत्युपत्रं दोन! दोन्हींवर तारीख एकच!" आता मला सांगा, घाटकोपर गेलं काय आणि मुलुंड गेलं काय, कोणाचं लक्ष राहील? दुसऱ्या मृत्युपत्रात घर कोणाच्या नावावर होतं हे ते सांगणार, तेवढ्यात ठाणं आलं. मी म्हटलं, एक वाक्य ऐकून उतरू. त्या वाक्यात त्यांनी गुडघ्याचं ऑपरेशन काढलं. माणूस गुडघ्यावरून परत घरावर येईपर्यंत डोंबिवली आली.

मराठीत हे एका शब्दात भागलं असतं: 'गर्क होतो.' इंग्रजीत पहिला सुचला तो 'इंगेज्ड'. पण वयाच्या बावन्नाव्या वर्षी लोकलमध्ये आपण इंगेज्ड होतो, असं ऑफिसला लेखी कळवणं बरं दिसत नाही. 'अ‍ॅब्सॉर्ब्ड' म्हटलं की मला टीव्हीवरचा डायपर आणि त्यावर ओततात ते निळं पाणी दिसतं. 'इमर्स्ड' लिहिलं आणि खोडलं. आमच्याकडे इमर्शन एकतर अनंत चतुर्दशीला होतं नाहीतर बादलीत रॉड टाकून. 'प्रीऑक्युपाइड' मात्र मला मनापासून आवडला. ऑक्युपाइड म्हणजे व्यापलेलं, प्री म्हणजे आधीच. थोडक्यात एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल. माझ्या डोक्यावर त्या मृत्युपत्राने रुमाल टाकला होता आणि ठाण्याला बसायला जागाच उरली नव्हती. पण या शब्दात काळजीची छटा आहे म्हणे. काळजी मला नव्हती, असलीच तर त्या घराची.

मग मोबाइलवर व्युत्पत्ती बघायला लागलो आणि तिथेच फसलो. 'एन्ग्रोस्ड' हा फ्रेंच 'आं ग्रो'वरून आला, म्हणजे घाऊक. जुन्या इंग्लंडमध्ये बाजारातला सगळा माल एकट्याने उचलून दाबून ठेवणं म्हणजे एन्ग्रोसिंग. चक्क साठेबाजी! गुन्हाच होता तो. त्याबद्दलचे उरलेसुरले कायदे 1844 मध्ये रद्द झाले. पुढचे शब्दही असलेच निघाले. 'एन्थ्रॉल्ड'मधला थ्रॉल म्हणजे गुलाम. 'रॅप्ट' म्हणजे झडप घालून उचलून नेलेला. 'ऑब्सेस्ड'च्या मुळाशी लॅटिन वेढा आहे, म्हणजे मी पन्हाळा आणि गुडघेवाले गृहस्थ सिद्दी जौहर. नुसतं कान देऊन ऐकणाऱ्या माणसावर इंग्रजांनी एवढी कलमं का लावावीत, कळेना.

आपलं तरी काय वेगळं म्हणा. गर्क हा अरबीतून आलेला, म्हणजे बुडालेला. मग्न संस्कृतातला, तोही बुडालेलाच. गुंग फारसीत मुका. एक तल्लीन तेवढा धड, पण तो भजनाला शोभतो. दुसऱ्यांच्या भाऊबंदकीत मी तल्लीन होतो असं लिहिलं असतं, तर आमच्या माळकरी आजीने वरून वीणा फेकून मारली असती.

शिवाय इंग्रजी विशेषणाला शेपूट चिकटवावं लागतं. एन्ग्रोस्डला 'इन', प्रीऑक्युपाइडला 'विथ', एन्थ्रॉल्डला 'बाय'. आमच्या 'ऐकण्यात'मधल्या 'त'ने सगळ्यांचं काम केलं असतं, आणि ते पगारवाढ न मागता.

"सर, अजून तुमचा मेल नाही आला," एचआरचा मुलगा डोकावून गेला. या शोधात जेवणाची सुट्टी संपून वीस मिनिटं झाली होती, हे त्याच्याकडे पाहिल्यावर कळलं. त्याच्याही चेहऱ्यावर ते दिसत होतं.

शेवटी 'एन्ग्रोस्ड इन अ कॉन्व्हर्सेशन' असं लिहून पाठवून दिलं. साठेबाज तर साठेबाज. दहा मिनिटांत मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं.

"कसलं कॉन्व्हर्सेशन? कोणाशी?"

"माझं नव्हतं, मॅडम. दुसऱ्यांचं."

त्यांनी चष्मा काढला. मग मी सगळं मराठीत सांगून टाकलं. कपाट, दोन मृत्युपत्रं, एकच तारीख, मधला गुडघा. मॅडमचा फोन दोनदा वाजला, त्यांनी दोन्ही वेळा न बघताच कापला.

"बरं, मग घर कोणाच्या नावावर?"

"ते नाही कळलं. डोंबिवली आली ना. त्यांना पुढे कल्याणला जायचं होतं."

मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या.

"मग तुम्ही डोंबिवलीला उतरलातच कशाला?"