डेव्हनची अर्लगिरी १८३१ मध्ये ‘नव्याने बहाल’ झाली नव्हती : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. आपले तीन आक्षेप आहेत. पहिला, एडवर्ड कोर्टनी १५५६ मध्ये निपुत्रिक वारला, तेव्हाच ‘अर्ल ऑफ डेव्हन’ हा इंग्लिश सरदारकीचा किताब संपला. १८३१ मध्ये पाउडरहॅमच्या कोर्टनींना (त्याच घराण्याच्या एका लांबच्या शाखेला) मिळाला तो नवा किताब, फक्त त्याला जुनी तारीख चिकटवली. दुसरा, त्यांचा हक्क खराच होता तर २७५ वर्षे ते गप्प का बसले, आणि मधल्या काळात खालच्या दर्जाचे किताब का घेतले? तिसरा, हक्क सिद्ध झाला तर जुनी जहागीर परत का मिळाली नाही?

पहिल्या आक्षेपाचे उत्तर सनदेत आहे. इंग्लंडमध्ये वंशपरंपरागत किताब कोणाकडे जाणार हे घराण्याच्या रूढीने ठरत नाही, राजाची इच्छा बदलली म्हणून बदलतही नाही. ज्या सनदेने किताब निर्माण झाला तिच्यातल्या वारसाच्या कलमाने ते ठरते. हे कलम बहुतेक सनदांत ठरलेले असते: किताब मूळ धारकाला आणि त्याच्या औरस पुरुषवंशजांना. म्हणजे मुलगा, नातू, पणतू असा वंश फक्त मूळ धारकापासून खाली मोजायचा. मूळ धारकाचा भाऊ किंवा चुलतभाऊ त्यात येत नाही, दत्तक मुलगा तर नाहीच.

मेरी राणीने ३ सप्टेंबर १५५३ रोजी एडवर्ड कोर्टनीला दिलेल्या सनदेत मात्र नुसते ‘त्याच्या पुरुष वारसांना, कायमचे’ असे लॅटिनमध्ये आहे. ‘त्याच्या शरीरापासून झालेल्या’ ही नेहमीची मर्यादा तिथे नाही. लेखनिकाकडून ती सुटली असावी असा तर्क बरेच जण करतात, आणि तो शक्य कोटीतला आहे. पण सनद शिक्क्यासह निघाली ती तशीच. १८३१ च्या मार्चमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे प्रश्न आला तो एवढाच की या मजकुराचा अर्थ काय. लॉर्ड चॅन्सेलर ब्रूम होते. निर्णय असा झाला की कलम जसे लिहिले आहे तसेच वाचायचे. त्यामुळे एडवर्डच्या पूर्वजांपासून निघालेल्या पुरुषशाखाही वारस ठरतात. राजाने नवी सनद दिलीच नाही. दिली असती तर त्या अर्लची ज्येष्ठता १८३१ पासून धरली गेली असती. ती १५५३ पासून धरली जाते, म्हणूनच आजच्या इंग्लिश अर्लांच्या क्रमवारीत श्रूजबरी (१४४२), डर्बी (१४८५), हंटिंग्डन (१५२९) आणि पेंब्रोक (१५५१) यांच्यानंतर डेव्हन येतो.

आपण १३३५ ची जुनी अर्लगिरी आणि १५५३ ची अर्लगिरी एकच धरली आहे, आणि बराचसा घोळ तिथूनच सुरू होतो. ह्यू कोर्टनीला १३३५ मध्ये रेडव्हर्स या आधीच्या अर्लांच्या घराण्याचा वारस म्हणून अर्ल मानले गेले. ती अर्लगिरी पुढे राजद्रोहाच्या ठपक्यांत अडकत गेली. टाउटनच्या लढाईनंतर १४६१ मध्ये एका अर्लचा शिरच्छेद झाला, १४७१ मध्ये ट्यूक्सबरीच्या लढाईत थोरली शाखा संपली. सातव्या हेन्रीने १४८५ मध्ये धाकट्या शाखेतल्या एडवर्डला नव्याने अर्ल केले. त्याचा नातू हेन्री १५२५ मध्ये मार्क्विस ऑफ एक्सेटर (अर्लपेक्षा वरचा किताब) झाला, पण आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये त्याला राजद्रोहात अडकवले आणि मृत्युदंड दिला. असा ठपका संसदेच्या कायद्याने बसला की किताब जप्त होतोच, शिवाय रक्त ‘दूषित’ मानले जाऊन वारसाची वाटही बंद होते. मार्क्विसचा मुलगा एडवर्ड लहानपणीच लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला आणि १५५३ मध्ये मेरीने सोडेपर्यंत तिथेच वाढला. त्याला मिळाली ती नवी सनद. म्हणून पाउडरहॅमवाल्यांचा दावा १३३५ वर नव्हता, १५५३ वर होता.

दावा सिद्ध करायचा तर काय काय लागते, हेही सांगतो, कारण ‘ओळखीने काम झाले’ असे आपण सुचवले आहे. त्या काळी अर्ज राजाकडे जाई. तो ॲटर्नी जनरलकडे तपासायला दिला जाई आणि तिथून लॉर्ड्सच्या विशेषाधिकार समितीकडे येई. दावेदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागत: किताब खरोखर निर्माण झाला होता, आपण त्या कलमात बसणारे वंशज आहोत, आणि आपल्यापेक्षा ज्येष्ठ असलेली प्रत्येक पुरुषशाखा संपलेली आहे. बहुतेक दावे फसतात ते तिसऱ्या ठिकाणी. आपला वंश दाखवणे त्यामानाने सोपे असते. पण चारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या धाकट्या मुलाला मुलगा नव्हताच, हे कागदाने दाखवणे फार कठीण. चर्चच्या जन्म-लग्न-दफनाच्या नोंदवह्या इंग्लंडमध्ये १५३८ पासूनच्या. त्याआधीसाठी जमीनधारकाच्या मृत्यूनंतर वारस ठरवायला होणाऱ्या सरकारी चौकशीचे कागद, मृत्युपत्रे आणि थडग्यांवरचे लेख यांवर भिस्त ठेवावी लागते.

कोर्टनींच्या बाबतीत समाईक पूर्वज होता दुसरा ह्यू, १३७७ मध्ये वारलेला अर्ल. १५५३ चा एडवर्ड त्याच्यापासून सातव्या पिढीतला. पाउडरहॅमची शाखा त्याच ह्यूचा धाकटा मुलगा फिलिप याची. भाऊबंदकी इतक्या लांबची, म्हणून १५५६ मध्ये कोणालाही हा किताब तिकडे जाईल असे वाटले नाही. सरकारलाही वाटले नाही: १६०३ मध्ये चार्ल्स ब्लाउंटला आणि १६१८ मध्ये विल्यम कॅव्हेंडिशला डेव्हन परगण्याच्याच नावाची अर्लगिरी दिली गेली. कॅव्हेंडिश घराण्याचे अर्ल पुढे १६९४ मध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायर झाले. डेव्हन आणि डेव्हनशायर हे दोन किताब वेगळे आहेत आणि आजही शेजारी शेजारी नांदतात.

यातच आपल्या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर येते. पाउडरहॅमवाले गप्प बसले कारण त्यांचीही समजूत इतरांसारखीच होती. त्यांनी १६४४ मध्ये बॅरोनेटपद घेतले, १७६२ मध्ये व्हायकाउंटपद घेतले. त्याने हक्क बुडत नाही. इंग्लिश किताबाला मुदतीचा कायदा लागत नाही, आणि १९६३ च्या कायद्यापूर्वी धारकाने सोडतो म्हटले तरी तो सुटत नसे. पर्बेकच्या व्हायकाउंटपदाच्या प्रकरणात लॉर्ड्सनी १६७८ मध्ये हे स्पष्ट केले. नॉरफोकच्या अर्लगिरीच्या दाव्यात १९०६ मध्ये तर १३०२ साली राजाला परत केलेला किताबही कायद्याने परत गेलाच नव्हता असे ठरले.

मग १८३१ मध्येच दावा का? तिसरा व्हायकाउंट विल्यम अविवाहित होता, आणि समलैंगिक संबंधांवरून खटला होण्याच्या धोक्यामुळे देश सोडून फ्रान्समध्ये राहत होता. त्याचा चुलत वारस, तोही विल्यमच, हाउस ऑफ लॉर्ड्सच्या कार्यालयात असिस्टंट क्लार्क होता. जुन्या सनदा आणि दाव्यांची कार्यपद्धती त्याच्या रोजच्या कामातली. दाव्यामागे जोर त्याचाच होता. त्याचे हित समजायला १८३५ कडे पाहा. त्या वर्षी तिसरा व्हायकाउंट वारला. व्हायकाउंटपद १७६२ च्या धारकाच्या औरस वंशापुरते होते, आणि हा विल्यम त्या धारकाच्या भावाचा नातू. ते पद त्याच दिवशी संपले. अर्लगिरी मात्र त्याच्याकडे आली. एकाच माणसाच्या मृत्यूने एक किताब बुडाला आणि दुसरा पुढे चालला, हा फरक केवळ दोन सनदांच्या शब्दांचा.

असेच उदाहरण आपल्या इतिहासाशी जोडलेले आहे. डलहौसीने १८४८ मध्ये अप्पासाहेब महाराजांचा दत्तक नाकारून सातारा खालसा केला. त्याला स्वतःला १८४९ मध्ये मार्क्विसपद मिळाले. १८६० मध्ये तो वारला तेव्हा मागे दोन मुली होत्या, मुलगा नव्हता, मार्क्विसपद संपले. त्याच्याकडची जुनी स्कॉटिश अर्लगिरी मात्र चुलतभाऊ फॉक्स मॉल याच्याकडे गेली. स्कॉटलंडमध्ये ‘कोणतेही पुरुष वारस’ हे कलम नेहमीचे आहे. इंग्लंडमध्ये ते विरळा.

याच विरळपणावरून डेव्हनच्या निर्णयावर खरी टीका होऊ शकते, आणि ती आपल्या प्रतिक्रियेत नाही. विल्यम स्क्रोपला १३९७ मध्ये विल्टशरची अर्लगिरी अशाच कलमाने मिळाली होती. त्या आधारावर डॅन्बीच्या स्क्रोपांनी दावा केला, तो लॉर्ड्सनी १८६९ मध्ये फेटाळला. कारण दिले ते असे की कायद्याला माहीत नसलेला वारसाक्रम राजा सनदेने निर्माण करू शकत नाही, आणि डेव्हनचा निर्णय यापुढे आधार म्हणून धरता येणार नाही. मला १८६९ चे तर्कशास्त्र अधिक पक्के वाटते. पण त्याने डेव्हनची अर्लगिरी रद्द झाली नाही. तो निर्णय त्या घराण्यापुरता कायम राहिला.

राहिली जहागीर. जमिनीचा वारसा वेगळ्या नियमाने जातो, तिथे मुली आणि बहिणीही वारस होतात. १५५६ मध्ये एडवर्डची मालमत्ता त्याच्या पणजोबांच्या चार बहिणींच्या वंशजांत वाटली गेली: ट्रेथर्फ, अरुंडेल, मोहन आणि ट्रेलॉनी या कॉर्नवॉलच्या घराण्यांत. १८३१ च्या निर्णयाने तिला हात लागण्याचा प्रश्नच नव्हता. एक्स नदीकाठचे पाउडरहॅमही या किताबाबरोबर आलेले नाही. दुसऱ्या ह्यूची पत्नी मार्गारेट डी बोहन हिच्या माहेरकडून ते आले आणि फिलिपच्या वाट्याला गेले.

वंशावळीतला एखादा दुवा आपल्याला खटकत असेल तर पिढी आणि नाव देऊन लिहा, त्याचे वेगळे उत्तर देईन. फक्त एक लक्षात ठेवा: १५५६ नंतरचे दुसरे ते आठवे अर्ल हे क्रमांक मागाहून लावलेले आहेत. त्या काळातल्या कागदांत त्या माणसांना अर्ल म्हटलेले सापडणार नाही, आणि ते सापडत नाही म्हणून वंशावळ खोटी ठरत नाही.