शोभेचं जायफळ

कॅरिबियन क्रूझवरून घरी काय न्यायचं याची काळजी प्रवाशाला करावी लागत नाही, ती जहाजवालेच करतात. बंदर यायच्या आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये एक नकाशा येऊन पडतो आणि त्यात रस्त्यांपेक्षा दागिन्यांची दुकानं जास्त असतात. हिरे, घड्याळं, रम आणि टांझानाइट नावाचा निळा खडा. घड्याळ हल्ली मोबाइलातच असतं, सासूबाईंच्या देखत बॅगेत रम भरायची तर छातीच हवी, आणि टांझानाइट कुठल्या ग्रहाला चालतो हे आमच्या कुणाच्याच पत्रिकेत लिहिलेलं नाही. त्यामुळे बेटामागून बेटं गेली तरी आमच्या बॅगा रिकाम्याच होत्या आणि सासूबाई या काटकसरीवर खूश होत्या. मग ग्रेनाडा आलं.

"आई, या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे," नवऱ्याने मोबाइलमध्ये बघून जाहीर केलं.

"मग माणसं बरी असणार," म्हणत सासूबाईंनी बूट चढवले.

इथे सांगायला हवं की सासूबाई दापोलीकडच्या. त्यांच्या भावाच्या सुपारीच्या बागेत जायफळाची झाडं आहेत आणि तिथली पुरचुंडी कुणा ना कुणाच्या बॅगेतून न्यू जर्सीला आमच्याकडे पोचतेच. आमच्या घरात जायफळ विकत घेणं हा माहेरचा अपमान समजला जातो. तरीही बसमध्ये बसून आम्ही ग्वाव्ह गावातलं जायफळाचं केंद्र बघायला गेलो. लाकडी मजले, पोत्यांच्या थप्प्या, आणि नाकात असा वास की पुढच्या खोलीत कुणीतरी पुरण वाटतंय असं वाटावं. मूळचं इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं हे फळ इंग्रजांनी 1843 साली इथे आणलं, असं गाइड सांगत होता. कवच फोडून काढलेली जायफळं पाण्यात टाकतात. बुडतं ते उत्तम, तरंगतं ते हलकं. सासूबाईंनी मान डोलावली. पण "रोप नर की मादी हे कळायला सहा-सात वर्षं लागतात" असं गाइड म्हणाला, तेव्हा मात्र त्यांना राहवेना.

"याला सांग, आमच्या कृषी विद्यापीठात ये म्हणावं. मादी झाडाची कलमं मिळतात. 'कोकण सुगंधा' नाव आहे."

नवऱ्याने यातलं निम्मं भाषांतर केलं. गाइडने नम्रपणे विद्यापीठाचं नाव लिहून घेतलं.

खरी परीक्षा राजधानी सेंट जॉर्जेसला, जहाजापाशी परत आल्यावर झाली. बंदराजवळ एक बाई हातभर हार लटकवून उभी होती. फुलांचे नव्हेत, मसाल्याचे. कवचासकट जायफळं, त्यांच्या मधेमधे लवंगा, दालचिनीचे तुकडे, हळकुंड, सुंठ, कोकोच्या बिया आणि केशरी जायपत्री, सगळं दोऱ्यात ओवलेलं. सासूबाईंनी एक जायफळ हारासकट कानाशी नेऊन हलवलं. आत खुळखुळ वाजलं. म्हणजे वाळलेलं होतं. परीक्षा पास.

"केवढ्याला?"

भाव पूर्व कॅरिबियन डॉलरमध्ये होता. 2.70 ने भागून नवऱ्याने तो अमेरिकन डॉलरवर आणला, सासूबाईंनी रुपयांवर नेला आणि तिथून थेट दापोलीच्या वाण्याच्या भावावर. मग त्यांनी जी किंमत सांगितली ती ऐकून ती बाई मनापासून हसली.

"मम्मी," ती म्हणाली, "2004 च्या सप्टेंबरात आयव्हन वादळ आलं. डोंगरच्या डोंगर आडवे झाले. आमची झाडं गेली. नवीन लावून फळ धरायला किती वर्षं लागतात, माहीत आहे?"

सासूबाईंना माहीत होतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दापोलीवरून गेलं, तेव्हा भावाच्या बागेतल्या सुपाऱ्या आणि जायफळं अशीच झोपली होती. त्यांनी पुढे घासाघीस केली नाही. सांगेल त्या भावाने हार घेतले, वर जायपत्रीचं एक पाकीट घेतलं. आमच्या लग्नाच्या बस्त्यापासून आजवर, सासूबाईंनी घासाघीस अर्धवट सोडल्याची दुसरी नोंद नाही.

निघताना बाईने देखभालीच्या सूचना दिल्या. "वास कमी झाला की नळाखाली धरायचा, झटकायचा, टांगायचा. बाथरूममध्ये टांगलात तर फारच छान. वाफ लागली की पुन्हा घमघमतो."

"आणि खायचा कधी?"

"खायचा नाही, डार्लिंग. तो शोभेचा. खायचं ते पाकिटात."

"शोभेचं जायफळ," सासूबाई जहाजाच्या शिडीपर्यंत पुटपुटत होत्या.

केबिनला खिडकी नव्हती. त्या रात्री आम्ही तिघं बासुंदीच्या पातेल्यात झोपलो. सान हुआनच्या विमानतळावर न्यू जर्सीचं विमान धरण्याआधी बॅगा शेतीखात्याच्या यंत्रातून जातात. तिथल्या अधिकाऱ्याने बॅग उघडून हार नाकाशी धरला, डोळे मिटले आणि काहीही न बोलता परत दिला. वाळलेला मसाला चालतो, हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. नवऱ्याने नव्हतं. त्याचा चेहरा बघून त्याची स्वतःचीच बॅग पुन्हा तपासली गेली.

घरी आल्यावर प्रश्न सुरू झाले. जानेवारीत न्यू जर्सीत हीटर अहोरात्र चालतो आणि हवा पापडासारखी कोरडी होते. अशा हवेत मसाला गप्प बसतो. हॉलमध्ये लावलेल्या हाराला आठवड्यातच नाक चिकटवून हुंगावं लागू लागलं. मी तो नळाखाली धरायला निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या.

"अगं, मसाल्याला पाणी?"

त्यांचं चूक नव्हतं. आपल्याकडे अख्खा उन्हाळा मसाल्याचं पाणी घालवण्यात जातो. गच्चीवर वाळवायचा, ओला हात लावू द्यायचा नाही, बरणीत हिंगाचा खडा ठेवायचा. आणि इथे तोच मसाला नळाखाली! शेवटी त्या देवाची पोथी घेऊन बसल्या असताना मी काम उरकलं. हळकुंडाची पिवळी रेघ टबवर उमटली, ती अजून आहे. मग हार बाथरूममध्ये टांगला, आणि खरंच, गरम पाण्याचा शॉवर सुरू झाला की वरच्या मजल्यावर दिवाळी होई.

"आता तो खाण्यातून बाद," सासूबाईंनी निकाल दिला. "मोरीत टांगलेलं मी श्रीखंडात घालणार नाही."

पेच हा असा होता. वास हवा तर हार बाथरूममध्ये, आणि बाथरूममध्ये गेला की स्वयंपाकघर बंद. मी म्हटलं, तो मुळात शोभेचाच आहे. त्यावर त्यांनी जो मुद्दा काढला त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. "संक्रांतीला हलव्याचे दागिने घालतो की नाही? आणि घालून झाले की खातो की नाही? मग?"

दुसरा हार त्यांनी ताब्यात घेतला. तो काही दिवस फ्रीजरमध्ये राहिला, कारण अख्ख्या मसाल्यात बारीक तपकिरी किडे लपलेले असतात आणि गारठ्याने मरतात. हे मात्र आम्हा दोघींनाही मान्य होतं. मग तो देवघराशेजारच्या खिळ्यावर आला आणि रोडावत गेला. नवऱ्याची दाढ दुखली, लवंगा गेल्या. भाचीच्या बाळाच्या गुटीला हळकुंड आणि सुंठ गेली. पाडव्याच्या श्रीखंडासाठी पहिलं जायफळ फुटलं. किसणीवर फिरवलं की त्या संगमरवरी नक्षीच्या मधोमध दोऱ्याचं भोक दिसायचं, आणि किसताना बोट हमखास तिथेच अडकायचं.

मे महिन्यात दोऱ्याला दालचिनी आणि कोकोच्या बिया तेवढ्या उरल्या. नवऱ्याला वाईट वाटलं, कारण हार दाखवून तो क्रूझच्या गोष्टी सांगत असे. सुदैवाने मामांची पुरचुंडी येऊन पोचली होती. त्याने गॅरेजमध्ये ड्रिल काढलं. सोललेलं जायफळ ड्रिलखाली उभं दुभंगतं, कवचातलं टिकतं, हे ज्ञान घरातली बरीच जायफळं खर्ची घालून मिळालं. त्या तुकड्यांची बासुंदी झाली. मग ग्रेनाडाच्या दोऱ्यात दापोलीची जायफळं ओवून हार पुन्हा खिळ्यावर चढला.

परवा मंडळातल्या एक वहिनी आल्या होत्या. त्यांनी हार दोन्ही हातांत घेतला आणि लांब श्वास ओढला.

"कॅरिबियनच्या जायफळाची गोष्टच वेगळी हो! आपल्याकडच्याला हा वास नाही."

सासूबाईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. "नाहीच मुळी," त्या म्हणाल्या. "समुद्राची हवा लागते त्याला."