गॅरामाँड फॉन्टने शाई वाचते? अर्धंच खरं
सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, फॉन्ट गॅरामाँड ठेवा, शाई पाव भाग कमी लागते म्हणे. अहो पण मेख अशी आहे की त्याच 12 साइजला गॅरामाँडची अक्षरं टाइम्स न्यू रोमन या नेहमीच्या फॉन्टपेक्षा बारीक नि नाजूक असतात म्हणून शाई कमी, मग टाइम्सच 11 वर आणा की, आणि आजोबांना वाचताना त्रास होणार तो वेगळाच. शिवाय गॅरामाँडमध्ये देवनागरी नाहीच, मराठी अर्ज टाइप केलात की वर्ड गुपचूप मंगल नाहीतर तसलाच कुठला फॉन्ट लावतं, म्हणजे बचत शून्य! त्यापेक्षा प्रिंट देताना ड्राफ्ट मोड (कमी शाईची फिकट छपाई) आणि दोन्ही बाजू निवडा, आणि आधी प्रिव्ह्यू बघा, तिकिटाच्या पीडीएफचं नुसत्या नियमांचं दुसरं पान कशाला छापायचं.