मीठ कुणाचं खाल्लं?

आमच्या पुण्याच्या शाळेच्या ग्रुपवर परवा पुन्हा तोच वाद पेटला. दुसऱ्या देशाकडून खेळणारे खेळाडू पैशासाठी विकले जातात, ज्या मातीचं मीठ खाल्लं तिला विसरतात, वगैरे. लिहिणारे कोथरूड-औंधचे, आणि बऱ्याच जणांची मुलं अमेरिकेत ग्रीन कार्डाच्या रांगेत. मुलानं देश सोडला तर करिअर आणि धावपटूनं सोडला तर गद्दारी, हे मला पटत नाही.

मी नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहते. धावपटू सिफान हसन २००८ मध्ये इथिओपियातून निर्वासित म्हणून नेदरलँड्सला आली, पंधरा वर्षांची पोर. पुढे ती आमच्याच गावातल्या क्लबकडून धावली. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला मॅरेथॉनचं सुवर्ण तिनं नेदरलँड्सला दिलं. मग मीठ कुणाचं? इथं भर पावसातही संध्याकाळी ट्रॅकवर पोरं पळत असतात. मी पुण्यात जिथं लंगडी खेळले, तिथं आता मंगल कार्यालयाचं पार्किंग आहे.

बहारीन-कतारनं केनियाचे धावपटू पैसे मोजून नेले, ती बाजू मी घेणार नाही. पण दक्षिण कोरियाचा स्केटर व्हिक्टर आन बघा. दुखापतीनंतर संघात जागा मिळेना, म्हणून रशियाकडे गेला आणि २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं जिंकला. कोरियन लोक चिडले ते स्वतःच्या स्केटिंग संघटनेवर.

आपण तर दुहेरी नागरिकत्वच देत नाही. फुटबॉलपटू इझुमी अराता आठवतोय? बालेवाडीत पुणे एफसीकडून खेळायचा. वडील भारतीय, तरी भारताकडून खेळायला त्याला जपानी नागरिकत्व सोडावं लागलं. २०१३ मध्ये तो भारताच्या जर्सीत उतरला, तेव्हा जपानचं मीठ कुणी काढलं नाही!

८ नोव्हेंबर २०२३ ला क्रिकेट विश्वचषकात पुण्याजवळ गहुंज्यात इंग्लंडनं नेदरलँड्सला १६० धावांनी हरवलं. विजयवाड्यात जन्मलेला नेदरलँड्सचा तेजा निदमनूरू नाबाद ४१ वर एकटा उरला आणि मला रडू आलं. चारच दिवसांनी, ऐन दिवाळीत, बंगळुरूला भारताविरुद्ध सामना होता. तेव्हा मात्र मी भारताच्याच बाजूनं ओरडत होते.

माझा भारतीय पासपोर्ट मी परत केलाय. ग्रुपवर हे कुणाला सांगितलेलं नाही. ते खेळाडूंना गद्दार म्हणतात तेव्हा तो शब्द मला लागतो. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) मला पुण्यात फ्लॅट घेता येतो, मत देता येत नाही आणि माझ्या मुलीला भारताकडून खेळताही येत नाही. ती लांब उडी छान मारते. उद्या तिची निवड झाली तर ती नेदरलँड्सकडून खेळेल, आणि मी नारिंगी शर्ट घालून पहिल्या रांगेत बसेन.